पाय जुळला, गोळी सुटेना

सिस्टर, नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातला, वय ३८. नाव-गाव छापू नका, गाव लहान आहे. दोन एकर कोरडवाहू शेती आणि गावात दूध संकलनाचं काम. मागच्या कार्तिकात रात्री डेअरीवरून येताना पिकअपनं उडवलं. उजव्या पायाची नडगी दोन जागी मोडली, हाड बाहेर आलं होतं. रॉड टाकला. तेव्हा सुरू झालेल्या दुखण्याच्या गोळ्या आज आठ महिने झाले तरी चालूच आहेत. ट्रामाडॉलची १०० ची लांब चालणारी गोळी सकाळ-संध्याकाळ. मधे ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आधी दोन लागायच्या, आता पाच लागतात. अंग जड वाटलं तर डोलो ६५० दोन. झोप येत नाही म्हणून मेडिकलवाल्या मित्रानं अल्प्राझोलामची बारीक गोळी दिली, ती रोज रात्री. चिठ्ठी आता कोणी मागत नाही. खरं सांगतो, आता पाय दुखतो म्हणून घेत नाही, गोळीची वेळ झाली म्हणून घेतो.

वडील माळकरी, मीही माळकरी. दारूला कधी शिवलो नाही. आषाढीला विठ्ठलाला शब्द देऊन गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या रात्री पाय जागेवर ठरेनात. शिंका, जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा, जुलाब, डोक्यात करंट बसल्यासारखं. तिसऱ्या पहाटे दोन गोळ्या घेतल्या आणि तासाभरात माणसात आलो. बायको म्हणते नाटक करता. वडील म्हणतात मन खंबीर नाही. पट्ट्या मी पेंडीच्या पोत्यामागं लपवतो. आईचे गुडघे धरतात तेव्हा तिलाही त्यातली एखादी देतो, तिला आराम पडतो.

मी व्यसनी झालो का? एका झटक्यात सोडायची काही युक्ती असेल तर सांगा. दवाखान्यात गेलो तर नाव लागेल, पोलीस केस होईल अशी भीती वाटते.

– एक वाचक

---

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी दोन गोष्टी सांगते, कारण त्या आजच करायच्या आहेत.

आईला ती गोळी देणं बंद करा. आजवर एखाददुसरी दिली असेल तर घाबरू नका, पण यापुढं एकही नको. म्हाताऱ्या माणसाची किडनी मंद झालेली असते, औषध अंगात जास्त वेळ राहतं. चक्कर येते, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि मांडीचं हाड मोडतं. अशा कितीतरी आज्या मी वॉर्डात उचलून पलंगावर घेतल्या आहेत. तिच्या गुडघ्याला तिची तिची तपासणी आणि तिचं वेगळं औषध हवं.

दुसरी गोष्ट त्या रात्रीच्या बारीक गोळीची. ती तुम्ही एका ओळीत सांगून पुढं गेलात, मी मात्र तिथंच थांबले. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं औषध, अल्प्राझोलाम वेगळ्या जातीचं. पण मेंदूतला जो भाग झोपेत आपला श्वास चालता ठेवतो, त्याला दोघंही गुंगी आणतात. एकटी गोळी जे करणार नाही ते दोघी मिळून करू शकतात. म्हणून एकीच्या दोन कधीच करू नका. पण आज रात्रीपासून ती एकदम बंदही करू नका, हे नीट ऐका. रोज घेतलेली अल्प्राझोलाम अचानक तोडली तर फिट येऊ शकते, आणि ट्रामाडॉल तर स्वतःच फिटचा धोका वाढवणारं औषध आहे. आहे तेवढीच ठेवा आणि या आठवड्यात डॉक्टर गाठा. तिला खाली आणायचं वेळापत्रक ते वेगळं देतील. दोन्ही औषधं एकाच वेळी कमी करायची नसतात.

आता तुमचा प्रश्न.

अफूच्या जातीचं औषध काही आठवडे रोज घेतलं की कुणाचंही शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. माळकरी असो की नसो, मन खंबीर असो की नसो. हे औषध आतडं मंद करतं, नाक कोरडं करतं, झोप आणतं, अंग सैल सोडतं. शरीर आपला तोल सांभाळायला उलट्या बाजूनं रेटत राहतं. दाराला दोन माणसं दोन बाजूंनी रेटत असावीत तसं. त्यातला एक जण अचानक बाजूला झाला तर दुसरा दारासकट पुढं कोसळतो. आषाढीला तेच झालं. मंद आतडं सुसाट सुटलं, कोरडं नाक वाहायला लागलं, झोप उडाली, पाय ठरेनात. डोक्यातला करंट हे ट्रामाडॉलचं खास लक्षण. हे औषध अफूसारखं काम करतंच, शिवाय उदासीवरच्या औषधांसारखंही काही काम मेंदूत करतं. म्हणून सोडताना काहींना असे झटके, घाबरेपणा, मुंग्या असं वेगळंच काही होतं.

हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात चढलेला असतो आणि मग आठवडाभरात उतरतो. झोप आणि मन जाग्यावर यायला मात्र आणखी काही आठवडे जातात. तुम्ही तिसऱ्या पहाटे गोळी घेतली, म्हणजे चढाच्या अगदी माथ्यावर. त्याला मी नाटक म्हणणार नाही, मनाचा कच्चेपणाही म्हणणार नाही.

तर शरीर गोळीला बांधलं गेलंय, हे नक्की. याला व्यसन म्हणायचं का? व्यसनाची खूण वेगळी असते. नुकसान दिसत असूनही मन गोळीकडं धावतं, दिवस तिच्याभोवती फिरतो, खोटं बोलावं लागतं. तुमच्या पत्रात मला तीन गोष्टी खटकल्या, त्या लपवून ठेवत नाही. तुम्ही स्वतःच दोनाच्या पाच केल्या. पट्ट्या लपवता. आणि दुखतं म्हणून नाही, वेळ झाली म्हणून घेता. यावरून त्या वाटेवर पाऊल पडलंय का, हे समोर बसून विचारपूस करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावं. मी पत्रावरून तुमच्या कपाळी शिक्का मारणार नाही, तुम्हीही मारून घेऊ नका. दोन्हींत पहिलं पाऊल एकच आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरणं.

आणि तुम्ही एकटे नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात अफूच्या जातीच्या औषधी गोळ्या-सिरप घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात जवळपास एक निघालं. तुमच्या डेअरीवर रोज जेवढे लोक दूध घालतात, त्यांच्यातही असा एखादा असेल. तोही तुमच्यासारखाच पोत्यामागं पट्टी ठेवत असेल.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. मी सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी हाडांच्या वॉर्डात. घरी जाणाऱ्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड मी हजारो वेळा समजावून सांगितलं. ही सकाळी, ही रात्री, ही जेवणानंतर, टाके अमुक दिवशी. दुखण्याच्या गोळीपुढं लिहिलेलं असायचं, ‘दुखल्यास’. ती कधी बंद करायची, कशी बंद करायची, दहा दिवसांनी नाही सुटली तर कुणाला विचारायचं, हे कार्डावर नसायचं, आणि मीही सांगायचे नाही. दुखायचं थांबलं की माणूस आपोआप गोळी सोडतो, असं मी धरून चालले होते. मग निवृत्तीच्या आधी दोन वर्षं माझाच खांदा मोडला. मी ट्रामाडॉल सहा आठवडे घेतलं आणि एका सोमवारी ‘बास झालं’ म्हणून थांबवलं. त्या रात्री एकामागून एक शिंका. चादर अंगावर सहन होईना, काढली तर काटा यायचा. इतकी वर्षं लोकांना गोळ्या वाटणारी बाई मी, मला वाटलं फ्लू झाला. दोन दिवसांनी लक्षात आलं की हा फ्लू नाही. तेव्हापासून वाटतं, ज्या माणसांना मी कार्ड हातात देऊन रिक्षात बसवून दिलं, त्यांतले किती जण असेच घरी तळमळले असतील, आणि घरच्यांनी त्यांना काय काय म्हटलं असेल. म्हणून तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर लिहितेय.

गोळीला मी वाईट म्हणणार नाही. हाड बाहेर आलेल्या माणसाला पहिले दिवस ती नसती तर तुम्ही कूसही बदलू शकला नसता, खोकू शकला नसता, फिजिओथेरपीच्या बाईंना पायाला हात लावू दिला नसता. तुमच्या बार्शीत कॅन्सरचं जुनं रुग्णालय आहे. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात मॉर्फिन मिळणं हा पेशंटचा हक्क आहे असं मी मानते. ते कडक कायद्यामुळं अडू नये म्हणून २०१४ साली कायद्यात बदलही झाला. पण कॅन्सरचं दुखणं वाढत जाणारं, आणि जुळत आलेल्या हाडाचं दुखणं उतरत जाणारं. त्याच्याबरोबर गोळीही उतरायला हवी होती, आणि ती तुमच्याकडं चढत गेली.

किती चढली, ते मी मांडून पाहिलं. १०० च्या दोन म्हणजे २०० मिलिग्रॅम. एकत्र गोळीत ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम असतं, अशा पाच म्हणजे १८७.५. एकूण ३८७.५. ट्रामाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे. म्हणजे एखाद्या वाईट दिवशी सहावी गोळी घेतली की तुम्ही मर्यादेच्या पलीकडं, आणि तिथं फिटचा धोका वाढत जातो. दुसरा हिशोब पॅरासिटामॉलचा. एका एकत्र गोळीत ते ३२५ मिलिग्रॅम, पाचांत १६२५. त्यात डोलोच्या दोन, १३००. झालं २९२५. बरेच डॉक्टर रोज, दीर्घकाळ घ्यायचं असेल तर ३००० च्या वर जाऊ देत नाहीत, लिव्हरसाठी. डोलो म्हणजे पॅरासिटामॉलच, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या म्हणजे दोन वेगळी औषधं, असं वाटतं.

युक्ती मागितलीत. एका झटक्यात सोडायची युक्ती नाही आणि तशी कुणी सांगितली तर ऐकू नका. तुमच्या डोसवर अचानक तोडलं तर पुन्हा तेच तीन दिवस येतील, आणि त्यात फिट आली तर ती डेअरीच्या रस्त्यावर, पहाटे, दुधाचे कॅन लावलेल्या गाडीवर येऊ शकते. वडिलांना विचारा, आळंदीहून निघालेली पालखी एका रात्रीत पंढरपूरला पोचते का? मुक्काम ठरलेले असतात, म्हणून म्हातारी माणसंही पोचतात. तुमचा शब्द मोडला असं मला वाटत नाही. तुम्ही तो एका दिवसात पुरा करायला गेलात, एवढंच.

हळूहळू म्हणजे किती हळूहळू? आकडा डॉक्टर ठरवतील, पण अंदाज यावा म्हणून सांगते. इतके महिने घेतलेलं औषध साधारणपणे एका वेळी दहाव्या हिश्श्यानं उतरवतात आणि मग एक, दोन किंवा चार आठवडे त्याच डोसवर थांबतात. तुमच्या बाबतीत दहावा हिस्सा म्हणजे जवळजवळ एक एकत्र गोळी. पहिला आठवडा काहीच कमी करायचं नाही. फक्त वेळा बांधायच्या. तलफ आली म्हणून नाही, घड्याळ सांगेल तेव्हाच गोळी. हे वाटतं सोपं, पण बऱ्याच जणांना पहिली लढाई इथंच द्यावी लागते. मग पाचाच्या चार. दोन आठवडे थांबा. एक-दोन दिवस जांभया येतील, पाय थोडे वळवळतील, चिडचिड होईल. ते बसलं की चाराच्या तीन. एखाद्या मुक्कामावर त्रास जास्त वाटला तर तिथं आणखी आठवडाभर राहा. मागं फिरून पुन्हा पाच करू नका.

१०० ची जी लांब चालणारी गोळी आहे, तिला हात लावताना जपा. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. अर्धी करण्यासाठी तोडली, चावली किंवा कुटली तर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. माझ्या वॉर्डात एका ट्रॅक्टरचालकानं ‘कमी करायची’ म्हणून अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे केले होते आणि दुपारी तो हाक मारून उठेना. कमी करायला निघाला होता बिचारा! तिथं डॉक्टर लहान ताकदीच्या कॅप्सूल बदलून देतात आणि मग त्या कमी करतात.

आणखी एक, जे उतरणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही. शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड असतो. पाचाच्या चार करताना एकूण डोसाचा दहावा हिस्सा गेला. पण शेवटी दोनच गोळ्या उरल्या आणि त्यातली एक काढली, तर एका फटक्यात निम्मं औषध गेलं. लोक म्हणतात, आता राहिलंच किती, टाका सोडून, आणि तिथंच पडतात. शेवटाकडं पायऱ्या लहान आणि मुक्काम मोठे हवेत. सगळं मिळून पाच-सहा महिने लागतील असं मनात धरा. आषाढीला निघालात, कार्तिकीला अर्ध्या वाटेवर असाल, माघीच्या आसपास पोचाल. थोडं मागंपुढं झालं तरी बिघडत नाही.

या वाटेवर पाय दुखेल. तेव्हा ‘बघ, हाडच अजून बरं नाही’ असं मन सांगेल. दुखण्या-दुखण्यात फरक करायला शिका. गोळी कमी केल्याचं दुखणं अंगभर असतं. जुन्या सगळ्या जागा बोलायला लागतात, दोन-चार दिवसांत ते ओसरतं, आणि नेमकं गोळीच्या वेळेच्या आधी वाढतं. पण पाय टेकवला, वजन टाकलं की मोडलेल्या जागीच कळ जाते, तिथं सूज आहे, हात लावला तर ऊन लागतं, जखमेच्या व्रणातून पाणी येतं, ताप येतो, असं काही असेल तर ते गोळीचं नाही. हाड नीट जुळलं नसेल किंवा रॉडभोवती जंतुसंसर्ग झाला असेल. बाहेर आलेलं हाड होतं, त्यामुळं हे तपासायलाच हवं. आठ महिन्यांत शेवटचा एक्स-रे कधी काढला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. गोळी कमी करायला सुरुवात करण्याआधी हाडाच्या डॉक्टरांना पाय दाखवा. आणि तंबाखूची पुडी खिशात असेल तर तीही मनावर घ्या. तंबाखूमुळं हाड जुळायला वेळ लागतो. माळकरी घरात दारू नसते पण तंबाखू चालते, हे मी खूप पाहिलंय.

एक गोष्ट ऐकून बरं वाटेल. अफूच्या जातीची औषधं महिनोन्‌महिने घेतली की काहींच्या नसा उलट जास्त हळव्या होतात. गोळी दुखणं मारते आणि वाढवतेही. त्यामुळं सावकाश उतरलेल्या बऱ्याच जणांचं दुखणं शेवटी होतं तेवढंच राहतं, काहींचं कमीही होतं. ती रिकामी जागा दुसऱ्या गोष्टींनी भरावी लागते. मांडीचे स्नायू वाळले असतील, त्यांचे व्यायाम फिजिओथेरपीत शिकून रोज घरी करा. शेक घ्या. रोज थोडं चाला, उद्या त्याहून थोडं जास्त. साधं पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या हिशोबात. नसेचं दुखणं असेल, म्हणजे आग, मुंग्या, बारीक टोचल्यासारखं, तर त्यावर वेगळी औषधं असतात, पण ती चिठ्ठीनंच, कारण त्यांतली काही ट्रामाडॉलबरोबर गुंगी वाढवतात आणि उदासीवरची काही औषधं ट्रामाडॉलबरोबर घेतली तर जिवावर बेततं. मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणून भर घालू नका, पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात. पोट साफ होत नसेल तर तेही बोला, लाजू नका. नुसत्या इसबगोलानं या औषधाचा बद्धकोष्ठ सुटत नाही. सोनामुखीच्या जातीचं औषध लागतं, तेही विचारून.

आता हा परिच्छेद घरात वहिनींना वाचायला द्या.

वहिनी, त्या दोन रात्री तुम्ही जे पाहिलंत ते नाटक नव्हतं. तुम्हाला ते तसं वाटलं याचा मला राग नाही. आठ महिने घर, गोठा, सासू-सासरे, पोरांची शाळा एकटीनं ओढल्यावर माणूस थकतो आणि समोरचा पट्ट्या लपवतोय हे कळलं तर चिडतोच. आता एक काम तुमच्याकडं द्यावं असं मला वाटतं. सगळ्या पट्ट्या तुमच्याकडं राहू द्या, कुलपात, पोरांच्या हाताला न लागणाऱ्या जागी. लहान पोराला यातली एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या दिवसांप्रमाणे सात पुड्यांत बांधून द्या. पहारा करायचा नाही, टोमणा मारायचा नाही, फक्त पुडी द्यायची. आणि हे लक्षात ठेवा. गाढ झोपेत घशातून घरघर येतेय, श्वास अगदी सावकाश, थांबून थांबून चाललाय, ओठ निळसर दिसतायत, हलवलं तरी जाग येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि कोणत्या गोळ्या घेतल्या ते सांगा. या औषधावर उतारा देणारं इंजेक्शन दवाखान्यात असतं.

दादा, पोलिसांच्या भीतीबद्दल. मेडिकलवाला मित्र चिठ्ठीशिवाय गोळी देतो, हा गुन्हा त्याच्या दारात आहे. ट्रामाडॉल २०१८ च्या एप्रिलपासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. त्याआधीपासूनच ते आणि तुमची ती झोपेची गोळी त्या औषधांत आहेत, ज्यांच्या विक्रीची नोंद डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या नावासह वेगळ्या वहीत ठेवावी लागते. पट्टीवर लाल चौकटीतला इशारा बघा, त्याचा अर्थ तोच. मित्र वाईट नसेल. तुमचं दुखणं बघवलं नसेल त्याला. पण आता त्याला सांगा, ‘चिठ्ठीशिवाय मी मागितली तरी देऊ नकोस.’ आणि तुमच्यापुरतं म्हणाल तर, व्यसनाच्या उपचारासाठी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात जाणाऱ्यावर सेवनाबद्दल खटला चालवू नये, असं त्याच कायद्यात कलम ६४-अ मध्ये म्हटलंय. तुमची माहिती बाहेर सांगायची नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं डॉक्टरांवर बंधन आहे. गावात कुणाला कळणार नाही.

हाडाच्या डॉक्टरांना पाय दाखवून झाला की सोलापूरला सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात जा. विभागाच्या नावाला बिचकू नका. औषधाला बांधलेलं शरीर सोडवणं हे त्यांचं रोजचं काम आहे. हळूहळू उतरणं जमलंच नाही तर त्यांच्याकडं दुसरे उपायही आहेत. त्रास शमवणाऱ्या गोळ्या असतात, आणि ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध देखरेखीखाली देऊन मग ते उतरवतात. दाखल व्हायची वेळ आलीच तर पुण्याला येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून चाललेलं. पण तुमच्या पत्रावरून ती वेळ येईल असं मला वाटत नाही. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. ट्रामाडॉल सुटताना काही आठवडे मन फार काळवंडतं, कशात राम वाटत नाही. कधी जगणंच नको असं मनात आलं तर त्याच क्षणी वहिनींना उठवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पूर्ण सुटल्यावरची एक ताकीद आत्ताच देऊन ठेवते, कारण तेव्हा तुम्ही मला पत्र लिहिणार नाही. महिनाभर गोळी बंद राहिली की शरीराची सहन करायची ताकद जाते. एखाद्या दिवशी पाय फार ठणकला आणि ‘पूर्वी पाच घ्यायचो’ म्हणून त्या हिशोबानं घेतल्या, तर पूर्वी ज्यानं काही व्हायचं नाही त्यानंच श्वास थांबू शकतो. म्हणून ‘असू द्या वेळेला’ म्हणून एकही पट्टी घरात ठेवायची नाही. पुढं रॉड काढायचं ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सगळं आधी सांगायचं.

उद्या सकाळी डेअरीवरून आलात की पोत्यामागच्या सगळ्या पट्ट्या एका ताटात काढा. रिकाम्याही काढा, त्या टाकू नका. वहिनींच्या समोर मोजा आणि वहीत लिहा, कोणती, किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती. ही वही, डिस्चार्ज कार्ड, जुने एक्स-रे आणि त्या रिकाम्या पट्ट्या एका पिशवीत घाला. सिव्हिलला केसपेपर सकाळीच निघतात, तेव्हा पहिली एसटी धरा. दूध घ्यायला त्या दिवशी वडिलांना बसवा, आणि कशासाठी जाताय ते त्यांना खरं सांगून जा. गाडी स्वतः चालवत जाऊ नका. डॉक्टरांपुढं बसलात की आकडा कमी करून सांगायचा मोह होईल. पाच म्हणजे पाचच सांगा, आईला दिलेलीही सांगा, आषाढीचे तीन दिवसही सांगा. आणि उठायच्या आधी त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, पहिली गोळी कोणत्या तारखेला कमी करायची.

तुमची,
सिस्टर